नवव्या अटीतलं दुपटं

कोर्टाच्या इमारतीत जिन्याखाली जी तिरकी जागा उरते, ती एरवी झाडू-बादल्यांची. या कोर्टात तिथे कार्बनकाका बसत. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि प्लॅस्टिकच्या टोपीखाली झाकलेला जुना टाइपरायटर. हा टाइपरायटर आता कागद उडू नयेत एवढ्यापुरताच नोकरीत होता. नव्या माणसाचं डोकं पहिल्या दिवशी जिन्याला आपटायचंच. काका त्या आपटण्याची वाट बघत आणि मग मोठ्या मायेने म्हणत, "या, बसा. कोर्टात वाकूनच यावं लागतं."

कार्बनकाका हे नाव टाइपरायटरच्या काळात पडलं. एका ठोक्यात पाच स्वच्छ प्रती काढणारा दुसरा टायपिस्ट त्या आवारात नव्हता. दुष्ट लोक असंही सांगत, की काकांच्या कानावर सकाळी एखादी बातमी घातली तर संध्याकाळपर्यंत तिच्याही पाच प्रती निघतात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कोणाचं घर मोडतंय हे काकांना शेजाऱ्यांच्या आधी कळे. शेजाऱ्यांना भांडण नुसतं ऐकू येतं, काकांकडे ते परिच्छेद पाडून येई.

एकतीस वर्षं घटस्फोट, पोटगी आणि मुलांचे ताबे टाइप करून काकांच्या बोटांत कायदा भिनला होता. बाहेरच्या बाकावर खोळंबलेल्या आईबापांची ते फुकटात शाळा घेत. एखादा बाप छाती काढून म्हणे, पगार माझा मोठा, तेव्हा पोर माझ्याकडेच येणार. एखादी आई म्हणे, आईलाच देतात, त्यात काय बघायचं. काका चष्मा कपाळावर चढवून दोघांनाही सारखंच झोडपत. ताबा म्हणजे घराची चावी नव्हे, की ज्याच्या खिशात तो मालक. भांडणात कोण बरोबर होतं यात जजला फारसा रस नसतो. पोर कुठे नीट जेवेल, कुठे निजेल, कोणाजवळ घाबरणार नाही, हे बघतात. ज्याच्याकडे राहील त्याने दुसऱ्याला पुसून टाकायचं नाही. भेटणं हा बापाचा हक्क असेल नसेल, पोराचा तर आहेच. आणि आज लिहिलेलं काही दगडावरची रेघ नाही. पोरं वाढतात, बूट लहान होतात, तशा अटीही लहान होतात. मग या आणि बदलून घ्या. पण कोर्टातून बदलून घ्या, मनातल्या मनात नाही.

वकील चिडवत, "काका, आता सनद घेऊनच टाका."

काका म्हणत, "नको. मग फी घेऊन हेच उलटं सांगावं लागेल."

त्यांचा अभिमान एकाच गोष्टीचा होता. कागद हातातून सोडण्याआधी प्रत्येक ओळीखाली लाकडी पट्टी धरून, ओठ हलवत, ते तो पूर्ण वाचत. एकतीस वर्षांत चुकीचा कागद टेबलावरून गेला नव्हता. असं ते स्वतः सांगत, आणि कोणी खोडूनही काढत नसे. आता अशा माणसाच्या हातून चूक व्हायची, तर तिला साधंसुधं कारण पुरत नाही. त्यासाठी लिफ्ट अडकावी लागते.

झालं ते असं. दोन वर्षांपूर्वी कोर्टात एक जोडपं आलं होतं. नवरा लिफ्टा दुरुस्त करणारा, बायको दातांच्या कवळ्या तयार करणारी. दोघंही आपापल्या कामात नावाजलेली. लिफ्टवाल्याचा फोन जेवताना वाजे, अंघोळीला गेला की वाजे, लग्नाच्या वाढदिवसाला तर हमखास वाजे. साऱ्या गावात दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्यांना सोडवायला हा धावणार, आणि घरी दोन माणसं याच्या वाटेकडे डोळे लावून लटकलेली. कवळीवालीचे हात फार हलके, पण जीभ मात्र तिच्या दुकानातल्या कानशीसारखी. समोरच्याचं तोंड उघडलं की ती आधी दात बघे आणि मग ऐके. काकांची खालची कवळी सैल होती, म्हणून तिच्यासमोर ते हसणं टाळत. माणसं दोन्ही चांगली होती. चांगली माणसं एका छपराखाली टिकतातच असं कुठे असतं?

त्यांना आठ वर्षांची एक मुलगी. घरातलं नाव फौजदार. कारण येईल त्याची ती उलटतपासणी घेई. डॉक्टर औषध लिहून द्यायचा, तर ही विचारायची, तुमच्या घरी कोणी हे घेतलंय का? काकांना सगळं कोर्ट काका म्हणे, ही एकटी पहिल्याच भेटीत "आजोबा" म्हणाली. काकांनी सुधारायचा प्रयत्न केला. तिने त्यांच्या टकलाकडे बघितलं आणि पुन्हा आजोबा म्हणाली.

सहा महिने समुपदेशन, रुसवे, निरोप असं सगळं होऊन अटी ठरल्या. मुलगी आईकडे राहील. शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळ बापाकडे. मोठी सुट्टी निम्मी निम्मी. शाळा आणि दवाखाना दोघांच्या विचाराने. मुलीसमोर एकमेकांबद्दल वाकडं बोलायचं नाही. कवळीवालीची वकीलबाई चटपटीत होती, तोंडात पेन धरून बोलणारी. लिफ्टवाल्याचे वकीलसाहेब गोल, गोड आणि दमेकरी. जजबाई दुसऱ्या दिवसापासून लांबलचक रजेवर जाणार होत्या, तेव्हा सगळं जेवणाच्या सुट्टीआधी दाखल व्हायला हवं होतं. वकीलबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "काका, मागच्या आठवड्यातला मसुदा आहे ना, तोच घ्या. पहिल्या आठ अटी सांगते तशा बदला, खालच्या नेहमीच्याच आहेत."

काकांनी जुना मसुदा उघडला, नावं बदलली, आठ अटी बदलल्या आणि पट्टी हातात घेतली. एवढ्यात वरून आरडाओरडा ऐकू आला. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, आणि आत दमेकरी वकीलसाहेब.

आता असं काही डोक्यावर घडत असताना काका जिन्याखाली बसून राहतील, हे शक्य होतं का? पट्टी टेबलावर ठेवून ते दुसऱ्या मजल्यावर पहिल्या रांगेत हजर. कोणी पाणी आणा म्हणतंय, कोणी वारा घाला म्हणतंय, आतून वकीलसाहेब आपल्या मृत्युपत्राबद्दल काहीतरी सांगतायत. अखेर त्यांच्याच अशिलाने, म्हणजे लिफ्टवाल्याने, बाह्या सरसावल्या, वर जाऊन कसलीशी चाकं फिरवली आणि वकिलाला बाहेर काढलं. अशिलाने वकिलाला सोडवल्याची ती त्या कोर्टातली पहिलीच घटना. काकांनी पुढचे तीन महिने ती सांगितली.

खाली आले तेव्हा सुट्टीला दहा मिनिटं उरली होती. सह्या झाल्या. वकीलसाहेबांनी न वाचताच सही ठोकली. लिफ्टवाल्याच्या अंगठ्याचा काळा डाग तिसऱ्या पानावर उमटला. कवळीवालीने फक्त तिसरी आणि चौथी अट वाचली, कारण भांडली होती ती त्यांच्यासाठी. लिफ्टवाल्याने पाचवी वाचली. जजबाईंनी विचारलं, सगळं वाचलंय, समजलंय, मान्य आहे? दोघं हो म्हणाले. तिथे सगळेच हो म्हणतात.

त्यानंतर दर शनिवारी काकांना कोर्टासमोरच्या कॅन्टीनमध्ये एक नवल दिसू लागलं. ते खिडकीजवळच्या टेबलावर चहा घ्यायला बसत. बरोबर एकला कवळीवाली मुलीला घेऊन येई, पाठोपाठ लिफ्टवाला. दोघांचीही घरं तिथून लांब, एकाचं पूर्वेला, एकाचं पश्चिमेला. तरी तिघं एका टेबलाला अर्धा तास बसत. मग मुलगी पिशवीतून एक जुनं, मऊ, फिकट पिवळं दुपटं काढून बापाच्या हातात देई. तान्ह्या बाळाला गुंडाळतात ते. बाप ते घडी घालून पिशवीत ठेवी, आणि रविवारी संध्याकाळी त्याच टेबलावर, पुन्हा अर्धा तास बसून, आईला परत करी. हे रविवारचं काकांना कॅन्टीनवाल्याकडून कळलं. रविवारी काका येत नसत, पण कॅन्टीनवाला नोंद ठेवून असे.

पहिला महिना ती दोघं घड्याळाकडे बघत बसली. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दातांकडे बघे, तो छताच्या पंख्याकडे. मध्ये फौजदार चहात बिस्किटं बुडवत, दोन्हीकडे प्रश्न टाकत. हळूहळू उत्तरं टेबलावरून एकमेकांनाही जाऊ लागली. तिला परवा ताप होता. गोळी दिली का? अर्धी दिली. गणिताच्या बाई बदलल्या. पोहायला घालायचं का? एकदा कवळीवालीने प्लॅस्टरचे दात आणून दाखवले, तर एका शनिवारी लिफ्टवाल्याने बशीवर चमचा टांगून लिफ्टचं वजन कसं तोललं जातं ते समजावलं. त्या दिवशी तिघं पाच मिनिटं जास्त बसली. काकांनी घड्याळ लावून पाहिलं होतं.

काकांना त्या टेबलाचा मोठा अभिमान. बाकावरच्या भांडखोर आईबापांना ते कॅन्टीनकडे बोट दाखवत, बघा, याला म्हणतात समजूतदारपणा, मसुदा माझाच होता. दुपट्याचं कोडं मात्र सुटत नव्हतं. घोडीएवढी मुलगी, हिला दुपटं कशाला? काकांनी काकूंना तीन निरनिराळ्या शक्यता सांगितल्या. काकू म्हणाल्या, "विचारा की सरळ."

"विचारलं की गोष्ट संपते," काका म्हणाले.

गोष्ट संपली ती एका सोमवारी. लिफ्टवाल्याला बढती मिळाली होती, पण तीन तासांच्या अंतरावरच्या गावी. दर शनिवारी जमणार नव्हतं. वकीलसाहेबांनी अटी बदलण्याचा अर्ज काकांना सांगितला. महिन्यातून एक मोठा शनिवार-रविवार, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून, आणि सुट्टीतले दिवस वाढवून. त्यात एक वाक्य असं होतं, की मुलीच्या आईने हट्टाने घातलेल्या उपाहारगृहाच्या अटीमुळे भेटीचा वेळ वाया जातो, सबब ती काढावी. काकांनी ते टाइप केलं आणि मनात म्हणाले, असं होय, आईचा हट्ट.

गुरुवारी वकीलबाईंनी उत्तर सांगितलं. कवळीवाली फार दुखावली होती. उत्तरात होतं, की बापानेच आग्रह धरून एकत्र बसण्याची आणि दुपटं नेण्या-आणण्याची अट घातली, मुलीला तिची सवय लावली, आणि आता सोय बदलताच तोच ती मोडतोय. असा धरसोड करणारा माणूस परक्या गावी मुलीला नीट सांभाळेल याची खात्री नाही. तरी रात्रीचा मुक्काम तूर्त बंद करावा, भेट दिवसाचीच व्हावी.

काकांची बोटं थांबली. सोमवारी आईचा हट्ट, गुरुवारी बापाचा आग्रह. दोन्ही शपथेवर. दोघांपैकी एक खोटं बोलतंय म्हणावं, तर दीड वर्षं त्यांनी त्या दोघांना कॅन्टीनमध्ये पाहिलं होतं. त्यांनी मूळ अटी काढल्या, लाकडी पट्टी घेतली आणि नवव्या अटीखाली धरली.

"अपत्याची देवघेव होईल त्या प्रत्येक वेळी उभय पक्ष न्यायालयासमोरील उपाहारगृहात अपत्यासह किमान अर्धा तास एकत्र बसतील, त्या वेळी वादाचा विषय काढणार नाहीत, तसेच अपत्याचे दुपटे न चुकता सोबत देतील व परत करतील."

मग त्यांनी त्याच्या आधीच्या आठवड्यातला मसुदा उघडला. दुसरं जोडपं, कोर्टाच्या मागच्या गल्लीत राहणारं. त्यांचा मुलगा अडीच वर्षांचा, आईच्या गळ्यातून सुटत नसे आणि दुपट्याशिवाय झोपत नसे. त्याच्यासाठी दोन्ही वकिलांनी डोकं लढवून ती अट खास घातली होती. नववी अट. शब्द न् शब्द तोच.

म्हणजे त्या दुपारी काका लिफ्टची मजा बघायला गेले, आणि परक्या बाळाचं दुपटं या मुलीच्या पिशवीत आलं. आईला वाटलं, बापाने मागितलंय, नाही दिलं तर तेवढंच निमित्त सापडेल. तिने माळ्यावरून, मुलीला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशीचं दुपटं शोधून, धुऊन दिलं. बापाला वाटलं, ही आईची अट, एकदा विसरलो तर शनिवार जाईल. वकिलांनी बजावलं होतं, एकमेकांना काही विचारायचं नाही, जे असेल ते आमच्यामार्फत. आणि मार्फत कोणी विचारलं नाही.

त्या दिवशी उठताना पहिल्यांदाच काकांचं स्वतःचं डोकं जिन्याला आपटलं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. जिन्याच्या पलीकडे एका पोरसवदा टायपिस्टने दोन कॉम्प्युटर आणि थंड हवेचं यंत्र लावून दुकान थाटलं होतं. काकांची निम्मी कामं तिकडे गेलीच होती. उरली होती ती ‘काका चुकत नाहीत’ एवढ्यावर. हा कागद बाहेर आला, तर उद्यापासून जिन्याखाली झाडू-बादल्या. दुसऱ्या बाजूला, हे उत्तर दाखल झालं तर जज दोन शपथा तोलणार, दोन्ही शपथा खोट्या नाहीत आणि दोन्ही खऱ्याही नाहीत. आणि त्या दोघांच्या मध्ये फौजदारचा बापाकडचा मुक्काम जाणार.

सकाळच्या चहाला त्यांनी काकूंना सांगितलं. सांगताना गोष्ट नेहमीसारखी रंगली नाही, तेव्हाच काकूंना कळलं की ही गोष्ट दुसऱ्याची नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

"अहो, एकतीस वर्षं लोकांच्या चुका टाइप केल्यात. आता आपली एक करा."

"अगं, धंदा बसेल."

"तुम्ही आहात की बसायला. तुमचं दुसरं कामच काय असतं?" आणि मग थोड्या हळू, "ती पोर तुम्हाला आजोबा म्हणते ना?"

काकांनी त्या दिवशी आयुष्यातलं पहिलं प्रतिज्ञापत्र स्वतःच्या नावाने टाइप केलं. लिफ्ट, पट्टी, आधीचा मसुदा, सगळं. "मी कुतूहलापोटी जागा सोडून गेलो" हे वाक्य त्यांनी तीनदा खोडलं आणि तीनदा परत घातलं. वकीलबाईंना दाखवलं, तेव्हा त्यांच्या तोंडातलं पेन पडलं. त्या आधी भडकल्या. काका, यात माझं नाव येतंय, खालच्या नेहमीच्या असं मीच म्हणाले असं येतंय. काका म्हणाले, तुम्ही म्हणालाच होता. बाईंनी पडलेलं पेन उचललं आणि म्हणाल्या, मीही वाचली नव्हती नववी, घाला. वकीलसाहेबांनी हात वर केले, "मी तर लिफ्टमध्ये होतो."

तारखेच्या दिवशी जजबाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. आधी त्या मुलीशी एकटीशी दहा मिनिटं बोलल्या. मुलीला कोणाकडे राहायचं असं थेट विचारून पेचात टाकायचं नसतं, एवढं काकांना माहीत होतं. बाकी आत काय बोलणं झालं ते त्यांना कधीच कळलं नाही. शिपायाला दोन वेळा चहा पाजूनसुद्धा.

मग सगळे आत गेले. जजबाईंनी काकांचं प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचून दाखवलं. लिफ्टच्या परिच्छेदाला त्यांनी फाइल तोंडासमोर धरली.  कवळीवालीने हळूच मान वळवून नवऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या नवऱ्याकडे, पाहिलं.

"तू नव्हतं मागितलंस?"

"मी? मला वाटलं तू."

"मग दर वेळी एवढी घडी घालून कशाला द्यायचास?"

"लिहिलं होतं, परत करायचं. चुरगळून कसं देणार?"

जजबाई मुलीकडे वळल्या. "बाळ, मघाशी मला सांगितलंस ते आईबाबांना सांगशील?"

फौजदार आईच्या आणि बापाच्या मधल्या खुर्चीवर बसली होती. तिचे पाय आता जमिनीला टेकत होते. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात मी आईला विचारलं, दुपटं कोणी मागितलं? आई म्हणाली बाबाने. बाबाला विचारलं. बाबा म्हणाला आईने. म्हणजे कोणीच नाही."

"मग सांगितलं का नाहीस गं?" कवळीवालीचा आवाज कानशीसारखा नव्हता.

"सांगितलं असतं तर काढून टाकलं असतंत."

"दुपटं?"

"दुपटं नाही," मुलगी म्हणाली. "अर्धा तास."

वकीलबाईंनी पेन चावायचं थांबवलं. काका छताकडे बघू लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

पुढचं काम तासाभरात झालं. रात्रीच्या मुक्कामाबद्दलचं आईचं उत्तर तिने स्वतःच मागे घेतलं. जजबाईंनी दोघांना समजावलं, की बदललेल्या परिस्थितीत अटी बदलणं हे काही कोणाचं हरणं नाही. महिन्यातून एकदा शुक्रवार संध्याकाळ ते रविवार मुलगी बापाच्या नव्या गावी, सुट्टीतले दिवस वाढीव, आणि बुधवारी फोन, ज्या वेळी बाप लिफ्टच्या खड्ड्यात नसेल. मग त्यांनी विचारलं, नवव्या अटीचं काय करायचं? कोणी मागितलेली नाही, तेव्हा ती कोणालाही सोडता येईल.

लिफ्टवाला म्हणाला, बसने यायचं-जायचं, पंधरा मिनिटं ठेवू या का? कवळीवाली म्हणाली, पंधरा मिनिटांत तिथे चहासुद्धा येत नाही. झालं, अर्धा तास राहिला. अटीत आता लिहिलं गेलं की तो मुलीच्या इच्छेवरून आहे.

उरलं दुपटं. ते काढून टाकायला हरकत नसावी असं जजबाई म्हणाल्या, आणि इथे गंमत झाली. लिफ्टवाला पुटपुटला, तसं ते माझ्याकडे राहिलं तरी चालेल, नव्या घरी. कवळीवाली ताडकन म्हणाली, माळ्यावरून मी काढलं होतं. दीड वर्षं ज्याला दोघं लचांड म्हणत होती, त्याच्यासाठी दोन्ही वकील सरसावून बसले. जजबाईंनी फाइल मिटली. दुपट्याच्या ताब्याचा अर्ज या न्यायालयात चालणार नाही, असं त्या म्हणाल्या.

"ते माझं आहे," फौजदार म्हणाली. "मी जाईन तिथे ते येईल. पण पिशवीच्या तळाशी. वर ठेवायचं नाही, माझ्या वर्गातली मुलं बघतात."

ती दोघं पुन्हा एकत्र वगैरे आली नाहीत. तसलं ज्याला हवं त्याने दुसरीकडे वाचावं. पण कोर्टाच्या पायऱ्या उतरताना लिफ्टवाल्याने बसचं वेळापत्रक काढून दाखवलं आणि कवळीवालीने ते मोबाइलवर उतरवून घेतलं. आणि हे वकिलांमार्फत नव्हतं.

नव्या अटी टाइप करायला काकांकडेच आल्या. वकीलबाईंनी विश्वासाने पाठवल्या, की खिजवायला, हे त्यांनाच ठाऊक. सगळे जिन्याखाली वाकून जमले. काकांनी पट्टी धरली आणि पहिल्यांदाच ओठांतल्या ओठांत न वाचता मोठ्याने वाचलं. प्रत्येक अटीनंतर शेजारून एक आवाज येई, "हे कोणी मागितलं?" आणि ज्याने मागितलं त्याने हात वर करायचा. एका अटीला कोणाचाच हात वर होईना. पाहिलं तर ती पानाच्या तळाची नेहमीची ओळ होती, कोर्टाने योग्य वाटेल तो आदेश द्यावा अशी. मुलीने ती ठेवायची परवानगी दिली.

काकांची कामं दोन महिने रोडावली. मग वकील परत येऊ लागले. काका आता प्रत्येकाला समोर बसवून अटी वाचून दाखवत आणि हाच प्रश्न विचारत. एका जोडप्याच्या बाबतीत त्यांना अशा चार अटी सापडल्या, की ज्या कोणालाच नको होत्या आणि ज्यांच्यासाठी दोन्हीकडचे सासू-सासरे भांडत होते. पलीकडचा थंड हवेवाला तेवढ्या वेळात तीन अर्ज छापी. काकांना त्याचं काही वाटत नसे, असं ते म्हणत.

महिन्यातल्या त्या एका शुक्रवारी संध्याकाळी तिघं कॅन्टीनमध्ये येतात. काकांचं खिडकीजवळचं टेबल त्यांच्या शेजारचंच. काकूंनी ताकीद दिली आहे, आता तरी त्यांना सुखाने बसू द्या, पाठ करून बसा. काका पाठ करून बसतात. चहा गार होतो. मध्येच फौजदार मागे वळून विचारते, "आजोबा, ऐकू येतंय का, की जरा मोठ्याने बोलू?"